मेणबत्ती आणि उदबत्ती



सुट्टीच्या दिवशीं दुपारच्या वेळीं छत्रपती संभाजीनगरांतील एखाद्या परिचिताच्या घरीं आपण सहज गेलों, तर हल्लीं एक नवें दृश्य दिसण्याचा संभव असतो. स्वयंपाकघरांत गॅसच्या शेगडीवर पातेल्यांत पाणी तापत आहे, त्या पाण्यांत दुसरें भांडें ठेवून त्यांत मेण वितळविलें जात आहे, ओट्यावर कांचेचे लहान पेले ओळीनें मांडले आहेत, आणि घरांतील मुलगी किंवा सूनबाई सुगंधी तेलाची कुपी हातांत घेऊन थेंब मोजीत आहे. शेजारीं बसलेल्या आजीबाई हें सारें कौतुकानें पाहतात. पण त्यांच्या मनांत एक शंका असते, आणि ती त्या बोलूनहि दाखवितात. "अग, देवापुढें समई आहे, उदबत्ती आहे, मग हें तिसरें कशाला?"

आजीबाईंची ही शंका वरवर साधी दिसली तरी तिच्या पोटीं इतिहासाचा एक प्रश्न आहे. सुगंधाची हौस या भूमीला फार जुनी. दिव्याची भक्ति तितकीच जुनी. मेणहि येथल्या कड्याकपारींत पिढ्यान्‌पिढ्या लोंबत आलेलें. असें असतां सुगंधी मेणबत्ती आमच्या घरांत इतक्या उशिरां कां यावी? आणि ती आल्यावर तिला परकी म्हणावें काय? या दोन प्रश्नांचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘मेण’ हा शब्द संस्कृत ‘मदन’ या शब्दापासून प्राकृतांतील ‘मयण’ या रूपाच्या वाटेनें मराठींत आला. मदन म्हणजे कामदेव हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच शब्दाचा ‘मधमाश्यांचें मेण’ असाहि अर्थ कोशांत दिलेला आहे. मेणाचें दुसरें संस्कृत नांव ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागें राहिलेलें उष्टें. ‘वर्ति’ या संस्कृत शब्दाची आमच्याकडे ‘वात’ झाली आणि उत्तरेकडील भाषांत त्याचीच ‘बत्ती’ झाली. ‘ऊद’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ अगरूचें सुगंधी लाकूड. म्हणजे मेणबत्ती ही मेणाची वात आणि उदबत्ती ही अगरूची वात. दोघींचें आडनांव एकच. परंतु एकीनें उजेड द्यावा व दुसरीनें गंध द्यावा, अशी त्यांच्यांत कामाची वांटणी झालेली आहे. षोडशोपचार पूजेंतहि धूप आणि दीप हे एकापाठोपाठ येतात, पण ते दोन निरनिराळे उपचार म्हणून मोजले जातात. समईच्या नांवाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. त्या शब्दाची व्युत्पत्ति कोशकार अरबी-फारसी ‘शमा’ या शब्दाकडे नेतात. आणि शमा म्हणजे मेण किंवा मेणबत्ती! आजीबाई ज्या समईचा दाखला देतात, तिच्याच नांवांत मेणबत्ती लपून बसलेली आहे.

आतां आपल्याच जिल्ह्यांत थोडें हिंडून येऊं. शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील सतराव्या लेण्याच्या ओसरींत इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक शिलालेख आहे. वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळांतील एका मांडलिक राजानें केलेल्या दानांचें वर्णन त्यांत असून, पश्चिमेच्या बाजूस एक भव्य गंधकुटी करविल्याचा उल्लेख आहे. पुष्कळ विद्वान् ही गंधकुटी म्हणजे आजचें एकोणिसावें लेणें होय असें मानतात. गंधकुटी म्हणजे सुगंधाची कोठडी. श्रावस्तीच्या जेतवनांत भगवान् बुद्ध ज्या कोठडींत राहत, तिचें हें नांव. भक्तांनीं वाहिलेल्या फुलांनीं ती सदैव दरवळत असे, अशी परंपरा आहे. पुढें बुद्धमूर्तीच्या स्थानालाच हें नांव मिळालें. देवाच्या खोलीला तिच्यांतील प्रकाशावरून नांव न देतां गंधावरून द्यावें, यावरून त्या काळच्या मनांत सुगंधाचें स्थान किती उंच होतें तें कळून येतें.

डोंगर कोरून केलेल्या त्या दालनांत दिव्यावांचून भागणें शक्यच नव्हतें. महायान पंथाच्या ‘सद्धर्मपुंडरीक’ या ग्रंथांत पूजाद्रव्यें सांगतांना तुपाच्या दिव्यांबरोबर सुगंधी तेलाच्या व चांफ्याच्या तेलाच्या दिव्यांचाहि उल्लेख येतो. यावरून उजेड आणि गंध एकाच वातींत आणण्याची कल्पना जुनीच आहे हें मान्य करावें लागतें. मात्र तें होतें पूजेंतील दान. चांफ्याचें तेल रोज रात्रीं घरांत जाळण्याची ऐपत कोणाची असणार? आणि मेणाविषयीं म्हणाल तर तें तेथेंच, डोक्यावर होतें. अजिंठ्याच्या कड्यांवर आग्या मोहोळाचीं पोळीं आजहि लोंबतांना दिसतात, आणि माश्या खवळल्यामुळें प्रवाशांची पळापळ झाल्याचीं वृत्तें अधूनमधून येतात. खालीं गंधकुटी, वर मेणाचीं पोळीं आणि मध्यें तेवणारे दिवे. तथापि देशाचा दिवा तेलाचाच राहिला.

सुगंध तयार करण्याच्या विद्येला आमच्या पूर्वजांनीं ‘गंधयुक्ति’ असें नांव दिलें होतें. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत गायन, चित्रकला, फुलांची रचना यांच्या जोडीला गंधयुक्ति बसविलेली आहे. अर्थात् ती केवळ अत्तरवाल्याची विद्या नव्हती. सुसंस्कृत घरांतील स्त्रीपुरुषांना ती यावी अशी अपेक्षा होती. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या ‘बृहत्संहिते’त या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिला. ज्योतिषी असल्यामुळें त्यानें तेथेंहि गणित सोडलें नाहीं. सोळा सुगंधी द्रव्यांतून एका वेळीं चार द्रव्यें निवडावयाचीं झाल्यास १८२० निरनिराळ्या निवडी होतात, आणि प्रत्येक चौकडींतील प्रमाणें बदलून ९६ प्रकार धरल्यास एकूण १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब त्यानें मांडला आहे. द्रव्यें तींच असलीं तरी प्रमाण बदललें कीं गंध बदलतो, हें या विद्येचें मर्म त्यानें आंकड्यांत दाखवून दिलें.

या विद्येचा पुढचा मोठा ग्रंथ आपल्या दक्षिणेंतलाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. या ग्रंथांत राजाचे उपभोग सांगतांना धूपभोगाचें प्रकरण आलें असून, चूर्णाचा धूप, गोळ्याचा धूप आणि वर्तीचा धूप असे प्रकार वर्णिले आहेत. हा वर्तीचा धूप म्हणजे आमच्या उदबत्तीची पणजीच होय. त्याच ग्रंथांत मेणाचीहि माहिती आहे. परंतु ती मूर्ति ओतण्याच्या कामांतली. प्रथम मेणाची मूर्ति करावयाची, तिच्यावर मातीचा लेप चढवावयाचा, तापवून मेण काढून टाकावयाचें आणि पोकळींत वितळलेला धातु ओतावयाचा, ही कृति सोमेश्वरानें दिली आहे. गंधाची वर्ति राजाच्या महालांत आणि मेण मूर्तिकाराच्या कारखान्यांत, अशी ही व्यवस्था होती.

मग यांची भेट होण्यास अडचण कोणती होती? मला चार कारणें दिसतात. पहिलें कारण पैशाचें. करडई, तीळ, जवस, एरंड या तेलबियांचा आणि कापसाचा हा मुलूख. पणती कुंभार देई आणि वात घरींच वळली जाई. उलट मेणासाठीं आग्या मोहोळाला हात घालावा लागे. दुसरें कारण हवेचें. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें हें खरें, पण त्याच्या पुष्कळ आधींच तें मऊ पडतें. वैशाखांत मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत उन्हाच्या झळा लागणाऱ्या खोलींत उभी मेणबत्ती मान टाकते. तिसरें कारण धार्मिक भावनेचें. युरोपांत शुद्ध मेणाची बत्ती चर्चमध्यें व श्रीमंतांच्या घरीं जळे. सामान्यांची बत्ती जनावरांच्या चरबीची असे. अशी वस्तु आमच्या बहुतेक घरांच्या उंबऱ्याच्या आंत येणें शक्यच नव्हतें.

चौथें कारण शास्त्रीय आहे आणि तें सर्वांत महत्त्वाचें. पेटलेली ज्योत गंध देत नाहीं; ती गंध खाऊन टाकते. ज्योतीच्या कांहीं भागांत उष्णता १००० अंश सेल्सिअसच्याहि वर जाते, आणि तेथें पोंचलेलें सुगंधी द्रव्य जळून त्याची वाफ व वायु होतो. निखाऱ्याची गोष्ट वेगळी. तो धुमसत असतो, त्यामुळें शेजारचें द्रव्य पुरतें जळण्याच्या आधींच तापून हवेंत पसरतें. म्हणूनच धूप निखाऱ्यावर घालावयाचा आणि उदबत्ती पेटवून लगेच फुंकावयाची, असा आमचा प्रघात आहे. पसरट दिव्यांत ज्योत कांठाशीं जळते आणि बाकीचें तेल गारच राहतें. त्यांत मोगऱ्याचें तेल घातलें तरी वास बेताचाच येतो. धूप आणि दीप वेगळे ठेवण्यांत परंपरेचा अभिमान असेल, परंतु त्यांत अनुभवाचें शहाणपणहि होतें.

आतां मोगल काळाकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी येथें हें शहर वसविलें. त्याच्या मुलानें त्यास फतेहनगर नांव दिलें, १६५३ मध्यें दक्षिणेचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानें औरंगाबाद केलें, आणि २०२३ पासून तें छत्रपती संभाजीनगर झालें. मोगल सुभ्याचें ठाणें येथें आलें तेव्हां त्याच्यामागें दरबारी राहणीहि आली. त्या राहणीचा नमुना अकबराच्या वेळच्या अबुल फज्लनें ‘ऐन-इ-अकबरी’त लिहून ठेविला आहे. सूर्यास्ताच्या वेळीं सोन्यारुप्याच्या बारा शमादानांत बारा पांढऱ्या मेणबत्त्या लावून बादशहापुढें आणीत आणि एक गवई हातांत मेणबत्ती घेऊन गात असे, असें तो सांगतो. त्याच ग्रंथांत दुसरीकडे सुगंधखान्याचें वर्णन असून मिश्रणांच्या कृति दिल्या आहेत. त्यांतील नांवें मराठी कानाला परकीं वाटणार नाहींत. अरगजा आहे, अबीर आहे, ‘ओपटना’ म्हणजे आपलें उटणेंच आहे. शिवाय ‘फतीला’ आहे. फतीला म्हणजे वात. अगरू, चंदन इत्यादि द्रव्यें गुलाबपाण्यांत मळून ती वळीत. तात्पर्य, बादशहाच्या महालांतहि उजेडाची वात शमादानांत आणि गंधाची वात धूपदानांत, असाच संसार होता.

याच दरबारांतली एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, नूरजहानची आई अस्मत बेगम ही गुलाबपाणी करीत असतां, गरम गुलाबपाणी ताटांत ओतल्यावर वर साचणारा तेलकट तवंग तिच्या लक्षांत आला. तिनें तो थोडा थोडा करून जमविला आणि त्याचा एक थेंब तळहातावर चोळला असतां सारी मजलिस दरवळून गेली. सलीमा सुलतान बेगमेनें त्याला ‘अत्तर-इ-जहांगिरी’ असें नांव दिलें. बादशहाच्या पदरीं सुगंधखाना होता, कारखानदार होते, हिशेबनीस होते. परंतु ज्या अत्तराची बादशहाला एवढी अपूर्वाई वाटली तें निघालें घरांतील एका गृहिणीच्या ताटांतून. स्वतःच्या हातानें काम करणाऱ्या माणसाची दृष्टि जी गोष्ट टिपते ती केवळ विकत घेणाऱ्याला दिसत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

आतां प्रश्न असा कीं, ही विद्या मराठींत होती काय? होती, आणि तिचा पुरावा अगदीं हरपतां हरपतां वांचला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनीं सुगंधविद्येवरील एका दुर्मिळ हस्तलिखिताचा अभ्यास करून १९४५ मध्यें त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या हस्तलिखितांत गंगाधराचा ‘गंधसार’ आणि दुसरा ‘गंधवाद’ नांवाचा ग्रंथ होता. आणि गंधवादावर चक्क मराठी टीका होती. गोडे यांनीं तिचा काळ अदमासें १३५० ते १५५० यांच्या दरम्यानचा ठरविला. पुढें १९८९ मध्यें बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें हे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. गंधसारांत सुगंधी द्रव्यांवर करावयाच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला सुगंधी द्रवाचीं पुटें देणें हें भावन. फुलांच्या सहवासांत ठेवून द्रव्याला त्यांचा वास लावणें हें वासन. तिळांत फुलें घालून ते वासावयाचे आणि मग त्यांचें तेल काढावयाचें, ही पद्धति याच तत्त्वावर चालते. स्निग्ध पदार्थ गंध धरून ठेवतो, हें त्या लोकांना पक्कें ठाऊक होतें.

संस्कृत न जाणणाऱ्या वाचकासाठीं कोणा मराठी माणसानें ही टीका लिहिली, याचा अर्थ सुगंध करूं इच्छिणारे मराठी हात त्या काळीं होते. हें ज्ञान मागें पडलें, याचें कारण एकोणिसाव्या शतकांत शोधावें लागतें. त्या शतकांत युरोपांत दोन गोष्टी घडल्या. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें चरबीचें पृथक्करण करून तिच्यांतील घट्ट अंश वेगळा केला आणि १८२५ मध्यें गे-ल्युसॅकच्या सहकार्यानें त्याच्या बत्त्यांचें पेटंट घेतलें. शतकाच्या मध्यास खनिज तेलांतून पॅराफिन मेण निघूं लागलें. मायकेल फॅरडेनें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानें दिलीं, तोंवर मेणबत्ती ही दुकानांत मिळणारी स्वस्त वस्तु होऊन गेली होती. आसामांत दिग्बोई येथें १९०१ मध्यें तेलाचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि खनिज मेण पुढें या देशांतहि तयार होऊं लागलें. दुसरी गोष्ट सुगंधाची. १८६८ मध्यें पर्किननें कूमारिन हें सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें; १८७४ मध्यें टीमान व हारमान यांनीं व्हॅनिलाच्या शेंगेंतला गंध कृत्रिम रीतीनें सिद्ध केला. फुलावांचून फुलाचा वास मिळूं लागला. मेण मधमाशीपासून सुटलें, गंध फुलापासून सुटला, आणि दोन्ही बाजारांत आले.

यांत नुकसानच झालें असें मी म्हणणार नाहीं. स्वस्ताई ही गरिबाला मोठीच गोष्ट असते. परंतु या उलाढालींत घरांतील माणसाचें प्रमाणाचें ज्ञान गेलें हें नाकबूल करतां येणार नाहीं. वेष्टनावर ‘मोगरा’ असें छापलेलें असलें कीं तो मोगरा, एवढीच आमची परीक्षा उरली. पुढें वीज आली आणि मेणबत्तीचें मूळ कामहि गेलें. भारनियमनाच्या वर्षांत किराणा दुकानांतली पांढरी बत्ती कपाटांतून बाहेर येई, आणि दिवे आले कीं पुन्हां आंत जाई. उजेडाच्या नोकरींतून असें निवृत्त झाल्यावरच मेणबत्तीला गंधाची नवी नोकरी मिळाली. १९९० नंतर सोयाबीनच्या तेलापासून केलेलें मऊ मेण निघालें. तें कांचेच्या पेल्यांत राहत असल्यामुळें उन्हाळ्यांत मान टाकण्याची भीति कमी झाली आणि चरबीचा आक्षेपहि उरला नाहीं. म्हणजे मघाशीं सांगितलेल्या चार अडचणींपैकीं पैशाची, हवेची आणि धर्मभावनेची अशा तीन दूर झाल्या.

उरली चौथी, शास्त्राची. आणि घरीं मेणबत्ती करणाऱ्यानें खरें कौशल्य तेथेंच दाखवावयाचें असतें. सुगंधी मेणबत्तींत वास ज्योतीपासून येत नाहीं. ज्योतीभोंवतीं जें वितळलेल्या मेणाचें लहानसें तळें होतें, त्याच्या उबदार पृष्ठभागावरून तो उडतो. त्या तळ्यानें निखाऱ्याचें काम पत्करलेलें असतें. तळें फार लहान झालें तर वास येत नाहीं, फार खोल झालें तर ज्योत काजळी धरते. म्हणून पेल्याच्या रुंदीप्रमाणें वातीची जाडी निवडावी लागते. वात कापसाची असावी, लावण्यापूर्वीं ती कातरून अर्ध्या सेंटिमीटरएवढी ठेवावी, आणि पहिल्या वेळीं वरचें मेण कडेपर्यंत वितळेतों बत्ती जळूं द्यावी. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या शेंकडा सहा ते दहा भाग घातलें म्हणजे पुरें. शंभर ग्रॅम मेणास सहा ते दहा ग्रॅम. जास्त घातलें म्हणजे जास्त वास येतो ही समजूत चुकीची आहे. जादा तेल मेण धरीत नाहीं, तें घामासारखें वर येतें आणि ज्योत भडकते. मेण फार कडक तापलें असतां तेल घातल्यास गंध तेथेंच उडून जातो. तयार झालेली बत्ती, विशेषतः सोयाबीनच्या मेणाची, आठपंधरा दिवस मुरूं द्यावी.

आमच्या गृहिणींच्या हातून होणाऱ्या दोनतीन चुकाहि सांगून ठेवतों. मेणांत गुलाबपाणी घालूं नये. पाणी मेणांत मिसळत नाहीं आणि वातीशीं आलें कीं तडतडतें. उटण्याचें किंवा चंदनाचें चूर्ण घातल्यास तें वातीच्या धाग्यांत अडकून ज्योत विझवितें. शोभेसाठीं वाळलेल्या पाकळ्या वर खोंवल्या तर त्याच पेट घेतात. मेण प्रत्यक्ष आंचेवर कधींहि ठेवूं नये, आणि दुर्दैवानें तें पेटलेंच तर त्यावर पाणी ओतूं नये. गॅस बंद करून झांकण घालावें. जळती बत्ती खोलींत एकटी सोडूं नये, आणि खिडकी थोडी उघडी असावी. धूर उदबत्तीचा असो कीं मेणबत्तीचा, कोंडलेल्या खोलींत तो छातीला बाधतोच.

आतां आजीबाईंच्या शंकेकडे परत जाऊं. "हें तिसरें कशाला?" असें त्यांनीं विचारलें होतें. दिवाळीच्या आधीं याच आजीबाई गव्हला-कचोरा, नागरमोथा, आंबेहळद, वाळा आणि चंदन आणवून उटणें कुटीत असत. कोणतें द्रव्य किती घ्यावयाचें याचा कागद त्यांच्यापाशीं नव्हता. चिमूट नाकाशीं नेऊन "वाळा थोडा कमी पडला" असें त्या सांगत. वाती तर त्यांनीं जन्मभर वळल्या. वराहमिहिराचें गणित आणि गंधवादाची मराठी टीका त्यांनीं वाचलेली नसेल. परंतु त्या विद्येचा एक धागा कोठेंहि न तुटतां त्यांच्या हातापर्यंत येऊन पोंचलेला आहे. सुगंधी मेणबत्तीला जें लागतें, त्यांतील वात आणि गंध या दोन गोष्टी या घरांत आधींपासूनच होत्या. बाहेरून आलें तें मेण. आणि त्याचेंहि नांव आपलेंच आहे.

तेव्हां सूनबाईंच्या छंदाला परका म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र तो छंद बाजारांतून सारें तयार सामान आणून पेल्यांत ओतण्यापुरताच राहिला, तर हातीं उरेल ती केवळ एक सुवासिक वस्तु. बाजारांतल्या कुपीवरचें नांव न वाचतां आधीं वास घ्यावा, खरा वाळा आणि नकली वाळा शेजारीं ठेवून पाहावे, दर वेळचें प्रमाण वहींत टिपून ठेवावें. म्हणजे घरांतून गेलेलें ज्ञान हळूहळू घरांत परत येईल. आणि या परीक्षेला घरांत आजीबाईंइतका अधिकारी गुरु दुसरा कोण मिळणार? पुढच्या सुट्टीच्या दुपारीं त्यांना नुसतें शेजारीं बसवूं नये. कुपी त्यांच्या हातांत द्यावी, आणि थेंब किती घालावयाचे तें त्यांना विचारावें.